फ्राउकेच्या कपाटाचं कुलूप

फ्राउके मुळातच संशयी. त्यात एकदा तिने ट्यार्कला तिच्या प्रयोगाच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण लावताना पाहिलं. मग काय विचारता!

ब्रेमेनच्या प्रयोगशाळेत आम्ही तिघं खोल समुद्राच्या तळाचा चिखल धुतो. त्यातून वाळूच्या कणाएवढी चुन्याची कवचं निघतात. हजारो वर्षांपूर्वी समुद्रात किती कर्ब मुरला होता, ते त्यांच्यावरून कळतं. फ्राउकेची पीएचडी बोटभर जाडीच्या एका थरावर उभी होती. अर्धा थर तपासून संपला होता. उरलेल्या अर्ध्यातूनही तोच निकाल आला, तरच परीक्षक मानणार होते. आणखी चिखल मिळणार नव्हता.

"माझा निकाल खोटा ठरला तर कुणाचं फावेल?" तिने मला विचारलं. ट्यार्कचं म्हणणं नेमकं तिच्या उलट होतं, हे खरं.

"अगं, शेजारी बसतो तो. लागला असेल हात."

"मग मला बघून दचकला का? चोराच्या मनात चांदणं!"

तिने कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. उरलेल्या अर्ध्या थरातली कवचं आत भिजत होती, पाण्याची बाटलीही आतच होती; फ्राउके स्वतः रोज पाणी बदलत होती.

आठवड्याने तिने कवचं भिंगाखाली धरली. सगळी कुरतडलेली, निम्मी तर विरघळूनच गेलेली.

त्याच दिवशी ट्यार्कचा वाढदिवस होता. आमच्याकडे ज्याचा वाढदिवस, त्यानेच केक आणायचा. तो प्लमचा केक कापत होता, तेवढ्यात ही तणतणत आली.

"आम्ल ओतलंस ना माझ्या पाण्यात? बनावट किल्ली केलीस?"

ट्यार्कने सुरी खाली ठेवली. "अमोनिया टाकायचो. एक थेंब. नुसतं शुद्ध पाणी चुना खातं, आणि तो थेंब तू कायम विसरतेस. एकदा सांगितलं, तर म्हणालीस, माझ्या कामात नाक खुपसू नकोस. म्हणून गुपचूप टाकायचो."

"आणि या आठवड्यात?"

"या आठवड्यात कुलूप होतं."

फ्राउकेचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला. मला तिचा संताप आला होता, तरी मी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

ट्यार्कने केकचा पहिला तुकडा तिच्यापुढे सरकवला. "खाऊन घे. मग बघू काय उरलंय ते."

"काही नाही उरलं," ती म्हणाली.