गिरणीबाईंचं जास्तीचं लोखंड

धातूंच्या प्रयोगशाळेत ज्यांना त्या काळी सगळे गिरणीबाई म्हणत, त्यांची गिरणी पिठाची नव्हती. एक पोलादी डबा, त्यात पोलादी गोळे आणि गोळ्यांमध्ये ॲल्युमिनियम, तांबं नि लोखंड यांची पूड. डबा गरगर फिरायचा, गोळे आपटायचे आणि पूड चिरडून, चिकटून, पुन्हा चिरडून एकजीव व्हायची. आवाज असा, की शेजारच्या खोलीत चहाचे कप बशीत नाचायचे. घरी गेल्यावरही बाईंचा सूर चढलेलाच.

"अगं, मीठच मागितलंस ना?" यजमान कानावर हात ठेवून म्हणत. "शेजारचे घेऊन आलेत दारात!"

बाईंना हवा होता क्वासीक्रिस्टल. साधा स्फटिक म्हणजे बसवलेली फरशी, तीच नक्षी पुन्हा पुन्हा. पाच कोनांच्या फरश्या मात्र एकमेकींशी जुळत नाहीत, मध्ये फटी राहतात. क्वासीक्रिस्टलमधले अणू पाचाचा थाटही सांभाळतात, फटही ठेवत नाहीत, आणि नक्षी काही जशीच्या तशी परत येत नाही. प्रयोगशाळेच्या साहेबांना हे पटेना. "पाचकोनी फरशी बसवणारा गवंडी आणा, मग बोला," म्हणायचे. शेवटी वैतागून त्यांनी सांगून टाकलं, "शुक्रवारपर्यंत दिसलं नाही तर गिरणी रंगविभागाला. ते निदान रंग तरी घोटतील."

ती गिरणी बाईंनी भांडून भांडून आणवली होती. ती गेली तर त्यांच्या खोलीत उरणार होतं एक स्टूल.

मिश्रणाची कृती त्यांनी तंतोतंत पाळली. दळलं, भट्टीत तापवलं आणि पूड भाऊंकडे नेली. भाऊ मोठ्या सूक्ष्मदर्शकावर बसत. सगळं जमलं, तर त्यात मधल्या ठिपक्याभोवती पाचाच्या दुप्पट, म्हणजे दहा ठिपक्यांचं कडं दिसायला हवं होतं.

"ठिपक्यांचा चौकोन आहे, बाई. साधी फरशीच."

"नीट बघा हो, भाऊ."

"नीट काय बघू? चौकोनाला कोपरे काढून देऊ का?"

मग बाईंनी तेच केलं, जे कुठलंही कष्टाळू माणूस करतं. आणखी दळलं. तरी चौकोन. मग त्याहून जास्त दळलं. जितकं दळावं तितका चौकोन माजत गेला.

गुरुवारी डबा रिकामा करताना एक गोळा निसटला. टणटणत पॅसेजमधून गेला आणि साहेबांच्या दाराखालच्या फटीतून आत. मागोमाग बाई. त्या गुडघ्यांवर रांगत खुर्चीपाशी पोचल्या, तेव्हा साहेब ओशाळून म्हणाले, "बाई, उठा. विनवण्या करायला एवढं खाली यायची गरज नव्हती."

"विनवण्या कसल्या? पाय उचला, गोळा गेलाय!"

गोळा लोखंडी कपाटाखाली कुठे गडप झाला कोण जाणे. बाईंनी खोक्यातून नवा काढला. स्वभाव काटेकोर, म्हणून तराजूत एका बाजूला जुना ठेवला, दुसरीकडे नवा. नव्याचं पारडं धपकन खाली. दुसरा जुना घेतला, तिसरा घेतला. तीच गत.

"अगंबाई! हे मेले रोडावले कसे?"

"तुम्ही राबवता किती त्यांना," भाऊ म्हणाले.

बाई डब्याकडे वळल्या. झाकण तर घट्ट होतं. मग झिजलेलं पोलाद जाणार कुठे? पुडीतच! बाई लोखंड मोजूनमापून घालत होत्या, आणि हे गोळे आग्रही आत्याबाईंसारखे नकळत वर आणखी वाढत होते. जास्त दळलं की जास्त आग्रह. मेहनतीनेच घात केला होता.

त्यांनी नवं मिश्रण केलं. या वेळी लोखंड मुद्दाम कमी घातलं, गोळे देतील तेवढी जागा सोडून. सगळ्यात अवघड होतं वेळेवर थांबणं.

"अजून एवढंसं दळू का?"

"हात मागे!" भाऊ बटणापुढे पाठ लावून उभे राहिले.

शुक्रवारी रंगविभागाचे प्रमुख ट्रॉली घेऊन आले, त्यांच्यासोबत साहेब. भाऊंनी नुसताच फोटो पुढे केला. बाईंनी पाहिला आणि स्टुलावर बसल्या. दहा ठिपके. घ्या, पाचाचा थाट!

साहेबांनी फोटो धरून मोजले. "नऊ."

"अंगठा काढा, साहेब."

पुन्हा मोजले. "अकरा."

"मधला धरायचा नाही!"

"बघा, आकडाच ठरत नाही!" साहेब लालबुंद झाले. "योगायोग असेल. एकदा दिसलं म्हणजे काय झालं? पुन्हा करून दाखवा. आणि तिसऱ्यांदाही!"

बाई चटकन उठल्या. "अगदी खरं, साहेब. शास्त्र म्हणजे शास्त्र. पण मग गिरणी लागेल ना मला?"

साहेब पुन्हा ठिपके मोजायला लागले.

"अहो, मग मी नेऊ काय?" रंगवाले ट्रॉलीवर हात आपटून म्हणाले.

"साहेबांना न्या," भाऊ म्हणाले. "फोटोवर अंगठे उमटवतायत."