पंचविसाव्या मिनिटाची घंटा

पुण्यात कार्यक्रम वेळेवर सुरू करणारे पैशाला पासरी मिळतील. वेळेवर संपवणारा मात्र एकच, शनिवार पेठेतल्या वाचनालयाचे कार्यवाह श्रीधरपंत. टेबलावर एक पितळी घंटा. विसाव्या मिनिटाला ती एकदा वाजते, पंचविसाव्याला दोनदा, आणि त्यानंतर वक्त्याने वाक्य अर्धं सोडून खाली बसायचं. या घंटेने एका माजी कुलगुरूंना बसवलं, एका मंत्र्याला बसवलं आणि एकदा तर श्रीधरपंतांच्या सख्ख्या सासऱ्यांना बसवलं.

तनयाचा सगळा भरवसा त्या घंटेवरच होता.

तनया त्यांची एकुलती एक मुलगी, वय एकतीस. माहितीपट करते. गेली सहा वर्षं ती कात्रजला तेजस्विनीबरोबर राहते आहे, आणि सहा वर्षं बाबांना सांगायचा प्रयत्न करते आहे की आम्ही नुसत्या मैत्रिणी नाही. विषय त्या वळणावर आला की बाबा चहा ठेवायला उठतात. चहा घेऊन येतात तेव्हा महापालिकेवर बोलत येतात. माणसाने बोलावं तरी कोणाशी, भिंतीशी?

म्हणून तिने अठरा मिनिटांचा माहितीपट केला. दोन बायका पुण्यात भाड्याने घर शोधतात, एवढाच विषय. घरमालकांचे नुसते आवाज. "नवरे कुठे असतात?" "बहिणी आहात का?" "आमची काही हरकत नाही हो, पण सोसायटी..." आणि चौदाव्या मिनिटाला तनया आणि तेजस्विनी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसतात आणि तनया सांगते, त्या दोघी आम्हीच. तो दाखवायचा वाचनालयात, बाबांच्याच कार्यक्रमात. पन्नास माणसांदेखत कार्यवाह खुर्ची सोडून चहा ठेवायला जाऊ शकत नाही, हा तिचा हिशोब.

विषय सांगितल्यावर बाबा हो म्हणाले होते. पेन ड्राइव्ह आठवडाभर आधी मागून घेतला, प्रोजेक्टरवर चालतो का ते बघायला. बाहेरच्या फळ्यावर मात्र लिहिलं, 'सामाजिक माहितीपट'.

"समलिंगी शब्द का नाही लिहिलात?" तिने विचारलं होतं.

"फळ्यावर जागा कमी होती," बाबा म्हणाले. खाली वीतभर फळा कोरा होता.

सहाला कार्यक्रम सुरू झाला. दीपप्रज्वलन, नारळ, शाल, पाहुण्यांचा परिचय. सहा वाजून चौदा मिनिटांनी अध्यक्ष रावसाहेब उठले. अध्यक्ष खरं तर शेवटी बोलतात, पण रावसाहेबांना 'थोडी पार्श्वभूमी' द्यायची होती. साडेसातला सभागृह योगवर्गाला द्यायचं. पंचवीस मिनिटं रावसाहेब, अठरा मिनिटं फिल्म, वर गप्पांनाही वेळ. तनयाने तीनदा गणित केलं होतं.

"आपल्या संस्कृतीत हे सगळं होतंच," रावसाहेब म्हणाले. मग ते संस्कृतीत शिरले ते बाहेर येईनात. लेणी झाली, पुराणं झाली, परदेशात राहणारे त्यांचे एक भाचेजावई झाले. "माझा या लोकांना पूर्ण पाठिंबा आहे. फक्त गाजावाजा नको." टाळ्या. या लोकांपैकी दोघीजणी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होत्या.

विसावं मिनिट झालं. घंटा वाजली नाही.

पंचविसावं झालं. बाबांचा हात घंटेवर होता, डोळे घड्याळावर होते. तनयाने मान वर करून पाहिलं, मग खाकरली, मग सरळ मनगटाकडे बोट दाखवलं. बाबांनी चष्मा पुसायला घेतला.

"पंतांना बरं नाही का?" मागे कोणीतरी कुजबुजलं.

सात वाजून एकवीस मिनिटांनी रावसाहेब बसले. एक तास सात मिनिटं! दिवे मालवले, फिल्म सुरू झाली. आठव्या मिनिटाला एक घरमालक विचारतो, "पण तुम्ही एकमेकींच्या कोण?" आणि पुढे उत्तर यायच्या आत घंटा वाजली. दोनदा, खणखणीत. साडेसात. दारात योगवर्गाची मंडळी सतरंज्या काखेत मारून उभी होती.

"वेळेअभावी इथेच थांबू या," बाबा म्हणाले. दिवे लागले. लोक उठले. "चांगला विषय आहे हो," एक बाई तनयाला म्हणाल्या, "पुढे काय होतं, मिळतं का त्यांना घर?" आणि उत्तर न ऐकताच चपला शोधायला गेल्या. तेजस्विनी सरळ गाडी काढायला गेली, ते तनयाला सगळ्यात जास्त लागलं.

ती टेबलाशी आली. बाबांनी पेन ड्राइव्ह कागदात नीट गुंडाळून ठेवला होता.

"एक सांगू का," ते हलक्या आवाजात म्हणाले, "तू बोलतेस तिथे आवाज फार बारीक येतो. पंख्याची घरघर जास्त. वाढवून घे."

तनया पेन ड्राइव्ह उचलता उचलता थांबली. ती बोलते चौदाव्या मिनिटाला. आज आठव्यालाच बंद झालं होतं.

"तुम्ही पाहिलात."

"दोनदा."

सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते होऊन गेलं होतं, तिच्या पाठीमागे, आणि तिला आनंद व्हायच्या आधी संताप आला. "म्हणजे रावसाहेबांना मुद्दाम बोलू दिलंत? मंत्र्याला बसवणारे तुम्ही!"

बाबा घंटेची मूठ चोळत राहिले. "चांगली केली आहेस. खरंच. पण यातल्या एकेकाला मी चाळीस वर्षं ओळखतो, तनू. तू पडद्यावर आली असतीस आणि पहिल्या रांगेतून कोणी फिस्सकन हसलं असतं..." त्यांनी घंटा बाजूला सरकवली. "मला ते सहन झालं नसतं."

योगवर्गाच्या बाई सतरंज्या पसरायला लागल्या होत्या. तनयाने पेन ड्राइव्ह पिशवीत टाकला.

"हसले असते," ती म्हणाली, "तर तेव्हा वाजवायची होती घंटा, बाबा."