मगदुमांच्या हॉलमधली सरहद्द

बारशाच्या दिवशी सकाळी निपाणीत मगदुमांच्या हॉलमध्ये फरशीतून आयर्लंडची सरहद्द उगवली. ऑर्ला न्हाऊन, केसांना पंचा गुंडाळून बाहेर आली तेव्हा ती गुडघ्याएवढी झाली होती. टीव्हीच्या टेबलाखालून निघून, सोफ्याला मधोमध चिरत, थेट देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गेलेली झुडपांची रांग. बोटभर लांब काटे आणि बारीक पांढरी फुलं. ऑर्लाने तिला लगेच ओळखलं. मोनहन जिल्ह्यात तिच्या आईच्या गोठ्यामागे हेच कुंपण होतं. त्याच्या अलीकडे आयर्लंडचं प्रजासत्ताक होतं, पलीकडे ब्रिटनच्या अखत्यारीतलं उत्तर आयर्लंड, आणि दोन्हीकडे एकसारखाच चिखल.

पाळणा पलीकडे होता.

"आता हे काय मध्येच?" सासरे म्हणाले. आप्पासाहेब मगदूम नवा फेटा बांधून खुर्चीत बसले होते. "उगवायचंच होतं तर परसात उगवायचं. पाहुणे यायची वेळ झाली."

"मी झाडून घेते," असं म्हणत नणंद पद्मजा केरसुणी घेऊन आली आणि सहज, उंबरा ओलांडावा तशी कुंपण ओलांडून पलीकडे गेली. साडीचा पदर काट्यात अडकलाही नाही. गळून पडलेली फुलं तिने सुपलीत भरली आणि तशीच परत आली.

ऑर्लाने पाय उचलला. झुडूप तिच्या पावलाबरोबर वर आलं. तिने पाय बाजूला नेला, झुडूपही बाजूला सरकलं. ती स्वयंपाकघरातून परसात गेली, मागच्या दाराने वळसा घालून पाळण्याच्या बाजूच्या खिडकीशी जावं म्हणून. परसातही कुंपण होतं. नळाच्या कट्ट्यावरून, शेजाऱ्यांच्या गच्चीवरून, तंबाखूच्या वखारीच्या पत्र्यावरून ते दूर निघून गेलं होतं. वखारीचा हमाल पाठीवर पोतं घेऊन त्यातून आरपार चालत होता आणि त्याला काहीच जाणवत नव्हतं.

तिची आई बर्नी परसातल्या दगडावर बसली होती. लेकीच्या बाळंतपणासाठी ती पहिल्यांदाच आयर्लंडचं बेट सोडून आली होती.

"आपल्यालाच अडवतंय," बर्नी म्हणाली. "मी बघितलं मघाशी करून."

ऑर्ला आत आली. बाळ जागं झालं होतं आणि मुठी चोखत होतं. छातीतून दूध पाझरून तिचा ब्लाऊज ओला झाला.

"पद्मजाताई, तिला इकडे द्या जरा. भूक लागली तिला."

पद्मजाने बाळाला उचललं आणि नेहमीसारखी चालत आली. कुंपण या वेळी वाकलं नाही. फांद्या एकमेकींत गुंतल्या आणि बाळाच्या दुपट्याला काट्यांनी धरून ठेवलं. पद्मजा एकटी येऊ शकत होती, बाळ येऊ शकत नव्हतं.

"वहिनी, ही पण तिकडचीच की हो," पद्मजा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच घाबरला होता. तिने बाळाला परत पाळण्यात ठेवलं आणि चमच्याने पाणी पाजायला बसली.

पाहुणे येऊ लागले. चिकोडीचे मामा सगळ्यात आधी आले. एका सहलीबरोबर ते लंडनला जाऊन आले होते आणि तेव्हापासून कोटच घालत. ते कुंपणातून पलीकडे चालत गेले, पाळण्यात डोकावले आणि चालत परत आले.

"नाक अगदी इंग्लंडचं आहे," ते म्हणाले.

कुंपण कंबरेएवढं झालं.

"मामा, मी इंग्लंडची नाही. आयर्लंडची."

"तेच गं. लंडनहून रेल्वेनं जाता येत असेल ना तुमच्याकडं?"

"मध्ये समुद्र आहे, मामा. आणि तो वेगळा देश आहे. शंभर वर्षं झाली."

"पण तुझा जन्म ब्रिटनमध्ये झाला असं संग्राम म्हणत होता."

"सरहद्दीपलीकडचं इस्पितळ जवळ होतं म्हणून आई तिथं गेली. वाढले मी अलीकडं. पासपोर्ट आयरिश. तिथं जन्मलेल्यांना दोन्हीपैकी कुठलाही घेता येतो, हवे तर दोन्हीही."

"दोन्ही!" मामांनी मान डोलावली. "म्हणजे अर्धी ब्रिटिश. मी तेच म्हणतोय."

फांद्या ऑर्लाच्या छातीला लागल्या. पलीकडची हवा बदलली होती. तिथे पाळण्यावर बारीक, बिनआवाजाचा पाऊस पडत होता, आणि पद्मजाने बाळावर छत्री धरली होती. भिंतीवर वेगमर्यादेची पाटी उगवली होती. अलीकडून वाचली तर किलोमीटर, पलीकडून वाचली तर मैल.

भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या कागवाडे मॅडम पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. ऑर्लाला वाटलं, या तरी. मॅडम कुंपणापाशी थांबल्या, चष्मा लावून त्यांनी ते न्याहाळलं.

"अगदी सोपं आहे," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "बेटाचे दोन भाग. वरचा ब्रिटनचा, खालचा स्वतंत्र. वर प्रोटेस्टंट, खाली कॅथलिक. धर्माचं भांडण."

"मॅडम," ऑर्ला म्हणाली, "बेटाचं सगळ्यात उत्तरेचं टोक दक्षिणेकडच्या देशात येतं. डोनेगल जिल्ह्यात."

"असं कसं? उत्तर ती उत्तर."

"नकाशात बघा ना."

"चाळीस वर्षं नकाशे शिकवले मी, बाळ." त्या मायेने हसल्या. "आणि तुमची ती आयरिश भाषा म्हणजे इंग्रजीच ना, जरा गाऊन बोललेली?"

कुंपण डोक्यावरून गेलं. आता पाळणा दिसत नव्हता. फांद्यांतून फक्त पावसाचा उजेड येत होता आणि बाळाचं रडणं येत होतं. रडण्याचा सूर ऑर्लाला ओळखता यायचा, हा भुकेचा होता. तिने दोन्ही हात कुंपणात घातले आणि कोपरापर्यंत रक्ताळून बाहेर काढले. कुणी विचारलं नाही. कागवाडे मॅडम पेढे वाटत होत्या.

ऑर्ला आप्पांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. आप्पांवर तिचा जीव होता. तिला मराठी त्यांनीच शिकवलं होतं, रोज पेपर वाचून. सीमाभागाच्या लढ्यात तरुणपणी तुरुंगात गेलेला माणूस. पुण्यात कुणी त्यांना सहज "तुम्ही कर्नाटकचे ना, म्हणजे कानडी" म्हटलं, की ते जेवणाच्या ताटावरून उठत. तिने दोनदा उठताना पाहिलं होतं.

"आप्पा, तुम्ही सांगा यांना. तुमचं ऐकतील."

"काय सांगू पोरी?"

"मी कुठली ते."

आप्पांनी फेटा सारखा केला. घसा खाकरून ते मोठ्याने म्हणाले, "मंडळी, आमची सूनबाई दक्षिण इंग्लंडची आहे."

देवघराजवळ काहीतरी तडकलं. फरशी असावी.

"आप्पा!" तिचा आवाज चिरकला. "तुम्हाला कुणी कानडी म्हटलं तर?"

मामांनी पेढा तोंडाजवळच धरून ठेवला.

"ते वेगळं आहे," आप्पा म्हणाले.

"काय वेगळं आहे?"

"आमचं खरं आहे."

कुंपण छताला टेकलं. पंखा त्यात अडकून बंद पडला. ऑर्लाने संग्रामकडे पाहिलं. तो दाराशी मंडपवाल्याशी बोलत उभा होता. याच माणसाने तिच्या घरामागच्या त्या कुंपणापाशी उभं राहून लग्नाचं विचारलं होतं, एक पाय एका देशात आणि एक दुसऱ्यात ठेवून, आणि दोघं हसून हसून चिखलात बसली होती.

"संग्राम, तू बोल."

तो जवळ आला. त्याने तिचे हात हातात घेतले, रक्त पाहिलं, खिशातला रुमाल काढून पुसलं. तो खरोखर काळजीत होता.

"ऑर्ला, आज नको. यांना काय फरक पडतो? म्हणू दे ना इंग्लंड. एक दिवस हो म्हण. बारसं होऊन जाऊ दे."

स्लॅब फुटला. आवाज मोठा नव्हता, नारळ फोडताना होतो तेवढाच. कुंपण गच्चीतून वर निघून गेलं, आणि भोकातून निपाणीचं कोरडं ऊन आणि तिकडचा पाऊस असे दोन्ही एकदम हॉलमध्ये आले. संग्राम अजून तिचे हात धरून होता. तिने ते सोडवून घेतले.

मग बर्नी परसातून आली. तिने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पातळ पांढरे केस रुमालात बांधले.

"मी लहान असताना आम्ही यातून लोणी आणायचो," ती लेकीला म्हणाली. "अलीकडं महाग, पलीकडं स्वस्त. नाकेदार रस्त्यावर उभे असायचे. वरून जायचं नाही, बाजूनं जायचं नाही. बुडाशी कोल्ह्याची वाट असते."

"आणि आत?"

"आत बरीच जागा असते. कुणाच्या नकाशात नाही ती."

ऑर्ला जरीच्या साडीत पोटावर पडली. बर्नीने खालची फांदी उचलून धरली. मामा म्हणाले, "अहो, सरळ चालत जा की, इथं काहीच तर नाहीये," आणि दाखवायला म्हणून ते पुन्हा एकदा आरपार जाऊन आले.

आत खरोखर जागा होती. फुटभर रुंदीचं कुंपण आतून शेताएवढं निघालं. ओली माती, कुजलेली पानं, तुटक्या बादलीची कडी, कुणा लहान मुलाचा बूट. ऑर्ला कोपरांवर सरकत राहिली. बाळंतपणाचे टाके ओढले जात होते. रडण्याच्या दिशेने ती जात होती, म्हणून चुकायची भीती नव्हती. साडी कुठेतरी अडकली, तिने ती फाटू दिली.

अर्ध्या वाटेवर रडणं थांबलं.

तिने मान वर केली. पुढे काही हातांवर फांद्या विरळ होत्या आणि त्यातून हॉलची ती बाजू दिसत होती. मुहूर्त टळू नये म्हणून बायका पलीकडे जमल्या होत्या, छत्र्या घेऊन, घुगऱ्यांची परात टीपॉयवर ठेवून. पाळण्याला झेंडूची माळ होती. बाळाला कुणीतरी बोटाने मध चाटवत होतं. दोघीजणी पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून गाणं म्हणत होत्या. पद्मजा छत्री दुसरीच्या हातात देऊन पुढे झाली. कानात नाव सांगायचा मान आत्याचा.

"पद्मजाताई, थांबा," ऑर्ला ओरडली. फांद्यांनी आवाज आतच ठेवून घेतला.

तेवढ्यात मागून, खूप लांबून, आप्पांचा आवाज आला. ते बहुधा खुर्चीतून उठून कुंपणाशी येऊन वाकले होते. म्हातारपणी गुडघे जमिनीला टेकवताना माणूस कण्हतो तसे ते कण्हले.

"ऑर्ला," ते म्हणाले. "अगं, माझं चुकलं असंल. तू कुठली गं? नीट सांग. मी ऐकतो."

एवढ्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. तिच्या डोक्यात वाक्यं तयार होती, कधीपासूनची, एकापाठोपाठ एक. ती सांगायची तर मागे वळायला हवं होतं, आणि वळण्याइतकी जागा तिच्या दोन्ही खांद्यांच्या बाजूला आता उरली नव्हती. फांद्या हळूहळू, कुणाला इजा करायचा हेतू नसल्यासारख्या, जवळ येत होत्या.

"ऐकतोय मी, पोरी," आप्पा म्हणाले.

ऑर्लाने तोंड उघडलं. पलीकडे पद्मजा हाताचा आडोसा करून बाळाच्या कानाशी वाकली होती, आणि तिच्या पाठीवर थाप मारायला सगळ्या बायकांनी हात उचलले होते.