पाच मिनिटांचा दिवा

आमची कंपनी नागपूरची, माणसं चार हजार. सगळ्यांनी बोलायला, फायली पाठवायला एकच सॉफ्टवेअर वापरायचं ठरलं. दोन सॉफ्टवेअर पंधरा दिवस वापरून बघायची आणि कुठलं घ्यावं ते लिहून द्यायचं, हे काम माझ्याकडे आलं. मी जबलपूरला, कांचघरच्या घरातूनच काम करते. इथे नोकरीला लागून तीनच महिने झाले. घरात सात महिन्यांची अंजनी आहे, हे मुलाखतीत सांगितलंच नाही. मागच्या नोकरीत बाळंतपणानंतर मला ‘हलकं काम’ दिलं, आणि पुढच्या महिन्यात कामावर ठेवायच्या यादीत नावच नव्हतं.

माझे वरिष्ठ अंबादास साहेब, त्यांना दुसरं सॉफ्टवेअर आवडलेलं. त्यात नावापुढे हिरवा दिवा असतो. पाच मिनिटं माउसवरचा हात हलला नाही की पिवळा होतो, आणि त्याची नोंद राहते. अंजनीला पाजायला वीस मिनिटं लागतात. पहिल्याच दिवशी माझा दिवा सहादा पिवळा झाला.

सासूबाईंजवळ बोलून गेले. त्या खुर्ची ओढून बसल्याच.

“तू लेकीले पाज, मी माउस हलवून राहिली. नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा विझू नाही देत मी. याचं काय एवढं.”

आठवडाभर दिवा हिरवा राहिला. तरी पाजताना माझे कान त्या खोलीकडेच. अंजनी दूध सोडून माझ्या तोंडाकडे बघायची.

आज साडेबाराला येऊन बघते तर अंबादास साहेबांचे तीन मेसेज. शेवटचा: “नंदाजी, वीस मिनिटांपासून ऑनलाइन दिसून राहिल्या. उत्तर काहून नाही?”

“आई, हे दिसलं नाही तुम्हाला?”

“दिसलं ना. पण माझ्यानं काही बिघडलं असतं तर? मी आपला दिवा सांभाळला.”

दुसरं निवडलं तर ही भीती रोजची. पहिलं निवडलं, तर साहेब कारण विचारणारच.

शेवटी लिहिलं: ‘पहिलं घ्यावं. दुसऱ्यातल्या दिव्यावरून माणूस कामावर आहे की नाही, ते कळत नाही. माझा दिवा आठवडाभर सासूबाईंनी हिरवा ठेवला. मी बाळाला पाजत होते.’ शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, दोनदा परत लिहिलं. पाठवलं.

उत्तर लगेच आलं. “तीनच्या मीटिंगमध्ये हे तुम्हीच सगळ्यांना सांगा. कॅमेरा चालू ठेवून.”

रागाने म्हणाले की कसं, कळेना.

तीनला दहा कमी असताना अंजनी उठली. तिला घेऊन मी स्क्रीनसमोरच बसले. दिवा पिवळा झाला. सासूबाईंचा हात माउसकडे गेला.

“राहू द्या, आई.”

तीन वाजले तेव्हा अंजनी मांडीवरच होती. मी कॅमेरा लावला.