पाठमोरे

“पाठमोरे म्हणजे पाठमोरेच,” तो म्हणाला. “दोघांनी खांद्यावर कपडा घेतला आणि उलट्या पावलांनी तंबूत गेले. लिहिलंय ते घडलंय.”

तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. एक वेलांटी चुकली तरी अख्खं पान परत पाठवणारा माणूस. सगळे त्याला कानामात्रा म्हणत. दर आठवड्याला त्याच्या घरी चार शेजारी बायबल वाचायला जमत आणि दर आठवड्याला हाच वाद होई. आज महापुरातून वाचलेल्या नोहाची पाळी होती. नोहा द्राक्षारस पिऊन उघडा पडला, एका मुलाने ते पाहून बाहेर येऊन सांगितलं, दुसऱ्या दोघांनी न बघता बापाला झाकलं.

“उलटं चालून खुंटीला अडखळले असते की हो,” औषधांच्या दुकानाचे मालक म्हणाले. “बापाची लाज चारचौघांत काढू नये, एवढाच त्याचा अर्थ.”

“अर्थ काढत बसलात तर उरणार काय? उद्या म्हणाल, पूरही आला नव्हता.”

“मलाही ती शिकवणीसाठी रचलेली गोष्टच वाटते,” कप गोळा करता करता कानामात्राची बायको म्हणाली.

“तुला सगळंच गोष्ट वाटतं.”

तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा सरकला. दारात कानामात्राचे बाबा उभे होते. झटका येऊन गेल्यापासून त्यांना कशाचं भान राहत नसे. हातात सदरा होता, अंगावर काहीच नव्हतं.

“माझा सदरा कुठाय रे?”

कानामात्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेळ मारून न्यायला काहीतरी बोलावं म्हणून तो बोलून गेला, “घ्या. आमचा नोहापण उठला.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं. सगळे हसतायत म्हणून बाबाही हसले. मग त्यांनी स्वतःकडे पाहिलं.

बायकोने दिवाणावरची चादर ओढली, बाबांकडे पाठ केली आणि उलट्या पावलांनी त्यांच्यापर्यंत गेली. वाटेत स्टुलाला ठेचकाळली, पण वळली नाही.

नोहाच्या तीन मुलांपैकी आपण कोणता, ते कानामात्राला कुणी सांगायची गरज नव्हती. शब्दन् शब्द पाठ होता त्याला. शेजारी खाली माना घालून चपला शोधत निघून गेले. कुणाला थांबा म्हणायचं तोंडही त्याला उरलं नव्हतं.

नंतर आतल्या खोलीत तो बाबांना सदरा घालत होता.

“लोक कशाला हसत होते रे?”

“गोष्टीला, बाबा.”

“कुठल्या?”

त्याचे हात थांबले. “विसरलो,” तो म्हणाला.

“असू दे,” बाबा म्हणाले. “हल्ली माझ्यापण लक्षात राहत नाही.” आणि गळ्याचं बटण लावायला त्याला सोपं जावं म्हणून त्यांनी हनुवटी वर केली.