घरट्यावरची पानं

माझा मामा पक्ष्यांचे फोटो काढायचा आणि मी माणसांचे. ओळखपत्राला लागतात ते. स्टुडिओच्या मागच्या खोलीत पांढऱ्या पडद्यापुढे माणूस बसवायचा, हनुवटी वर करा, कान दिसू द्या, हसू नका, झालं, पुढचा या. दिवसभर हेच केलं की संध्याकाळी आरशातला स्वतःचा चेहराही अर्जावर चिकटवण्यापुरताच उरलाय असं वाटायचं. मामाला माझी ही तडफड कळत होती. सुट्टीच्या दिवशी तो मला बरोबर न्यायला लागला, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

शिकवलं त्यानंच, ते नाकारून कसं चालेल? कापडाच्या आडोशात लपल्यावर मुंगी चावली तरी न हलता कसं बसायचं, पक्षी येण्याआधी तो कुठे बसेल हे कसं ताडायचं, सगळं त्याचंच. घरट्याबाबत तो फार कडक होता. पान आडवं आलं तर दोऱ्यानं अलगद बाजूला बांधायचं आणि निघताना सोडायचं, कात्री लावायची नाही. ते पान म्हणजे पिल्लांचं छप्पर. आणि ज्याला घरटं सापडलं, तिथे फोटो काढायला बसायचा पहिला हक्क त्याचा. हा सगळ्या पक्षीवाल्यांचा कायदा, मोडणाऱ्याला कोणी दारात उभं करत नाही, असं सांगताना त्याचा आवाजसुद्धा बदलायचा.

अशात वन्यजीवांच्या एका मासिकात छायाचित्रकाराची जागा निघाली. संपादक मामाच्या ओळखीचे. पण ओळखीवर घेणार नाहीत, स्वतः शोधलेलं काहीतरी दाखव, मामा म्हणाला. मी झाडंच्या झाडं धुंडाळली. मान मोडून आली, स्टुडिओमालकानं विचारलं की वर काय देव दिसतोय का. शेवटी पाण्याच्या टाकीमागे, आडव्या फांदीच्या बेचक्यात, हळद्याचं घरटं सापडलं. वर रुंद पानांची दाट गर्दी. लांबून एकच फोटो काढला, त्यात पानंच जास्त आणि मादीची जेमतेम पिवळी शेपटी. धावत मामाकडे गेले.

त्यानं माझी पाठ थोपटली. अंडी आहेत तोवर तिकडे फिरकू नकोस, म्हणाला, मादी बिथरली तर घरटं सोडून जाईल. पिल्लं झाली की मीच सांगतो. मी इतकी शहाणी की त्या रस्त्यानं जाणंच सोडलं. कामावर जायला लांबचा वळसा घालायचे आणि मनातल्या मनात त्या पिल्लांना मोठं करायचे.

मग एके दिवशी तो घरी आला आणि हळूच म्हणाला की कावळ्यांनी डाव साधला. आता जाऊ नकोस, बघवणार नाही. मी जेवले नाही. आई डोक्यावरून हात फिरवत राहिली, पण माझ्याकडे बघत नव्हती. तिलाही वाईट वाटतंय, असं मी समजले.

जागा मात्र मिळू शकते, मामा म्हणाला, त्यानं शब्द टाकलाय. संपादक एका प्रदर्शनाला येणार होते, तिथेच भेटायचं ठरलं. आईही आली. भावाला पहिलं बक्षीस होतं ना!

दालनात शिरल्या शिरल्या समोरच तो फोटो. सोनेरी नर, चोचीत अळी, खाली दोन वासलेली लाल तोंडं, मागे मोकळं निळं आकाश. माझ्या घरट्यामागे आकाश नव्हतंच. मी जवळ गेले. फांदीवर पानांचे देठ तेवढे उरले होते, तिरपे, स्वच्छ कापलेले. लोक वा वा म्हणत होते. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

"आपली शिडी न्यायला आला तेव्हा तुला न सांगण्याची शपथ घातली होती त्यानं मला," आई कानाशी कुजबुजली. "पण यात तुझंही भलंच होतंय ना? आता गप्प राहा."

संपादक हसतमुखानं पुढे आले. "हे घरटं तुम्ही शोधलंत म्हणे. फोटो काढणारे पुष्कळ मिळतात, असे डोळे मिळत नाहीत. पुढच्या महिन्यापासून येता?"

मामा मागे उभा राहून मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण. मला ती जागा हवी होती. फार हवी होती.

"मी शोधलं," मी म्हटलं. "यांनी पानं कापली, म्हणून पिल्लं उघडी पडली आणि कावळ्यांनी नेली. ते देठ बघा. मला तुमच्याकडची जागा हवी आहे, पण या फोटोवर नको."

संपादकांनी देठ पाहिले. मग मामाकडे पाहिलं, मग बक्षिसाच्या पाटीकडे. कळवतो, म्हणाले. कळवलं नाही कधीच.

बाहेर पायऱ्यांवर मामानं मला गाठलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. "अगं, मोठे फोटो असेच येतात," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "ते दोऱ्याबिऱ्याचं नवख्यांना सांगायचं असतं."

"मग मला कधी सांगणार होतास?"

आई त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

पुढे बरीच वर्षं मी दिवसा चेहरे काढले आणि सुट्टीला पक्षी. पानांतून अर्धेमुर्धे दिसणारे माझे फोटो कोणी घेत नसे. मग एकानं घेतले, मग आणखी दोघांनी. आता याच कामावर पोट भरतं. लोक मला हट्टी म्हणतात, ते खरंच आहे.

आईशी बोलणं आहे, जाणं-येणं आहे. पहाटे बॅग घेऊन निघाले की ती अजून विचारते, कुठे चाललीस. मी नदीकडे म्हणते आणि डोंगराकडे जाते.