बुडालेल्या माणसाचा दुसरा नमुना

निष्कर्ष कळवण्याआधी सहभागीचं रक्त पुन्हा घेऊन खातरजमा करावी, असा आमच्या जनुक-संशोधन प्रकल्पाचा नियम आहे. म्हणून मी फोन लावला. उचलला सहभागीच्या बहिणीने.

"तो गेला हो. आठ महिने झाले, तलावात बुडाला. पट्टीचा पोहणारा, आणि बुडाला! त्या धसक्याने मी लेकीला पोहायच्या क्लासला घातलंय. रोज सकाळी सहाला."

मी कसाबसा फोन ठेवला. त्याच्या रक्तात जो जनुकदोष सापडला होता, त्यात हृदयाची लय अचानक बिघडू शकते, विशेषतः पोहताना. बहिणीत तो असण्याची शक्यता निम्मी, भाचीत पाव.

प्रकल्पाच्या प्रमुख सरांकडे धावले. त्यांनी विचारलं, "संमतिपत्रात नातेवाइकांना कळवण्याचा रकाना?"

"कोरा."

"कोरा म्हणजे नाही."

"सर, तो रकाना आपण पानाच्या मागे छापला होता. साठातल्या एक्केचाळीस जणांनी पान उलटलंच नाही!"

"आणि रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली असेल तर? उगाच त्या बाईच्या जिवाला घोर. नैतिकता समिती पुढच्या महिन्यात बसतेय, तिथे मांडू."

"मुलगी उद्या सकाळी सहाला पाण्यात उतरेल."

"तू संशोधक आहेस की पोस्टमन?"

सर वाईट नाहीत. अदलाबदलीची भीतीही खोटी नाही. पण खातरजमेसाठी गेलेल्या माणसाचं रक्त आणायचं कुठून? मी तणतणत टेबलाशी आले, तोच बहिणीचा फोन.

"अहो, दुसऱ्यांदा रक्त कशाला हवं होतं? पहिल्यात काय निघालं?"

"ते मला सांगता येत नाही, ताई."

"अगं बाई, मेलेल्यापासून लपवतेस की माझ्यापासून?"

सर दारात येऊन उभे राहिले. मी शब्द मोजून बोलू लागले. "लेकीला सध्या पाण्यात उतरवू नका. तिचा आणि तुमचा ईसीजी काढून घ्या. डॉक्टरांना सांगा, भाऊ पट्टीचा पोहणारा असून बुडाला. हे तुम्हीच मला सांगितलंत ना?"

सरांनी मान हलवली. एवढं त्यांना चालणार होतं. मलाही वाटलं, साप मेला आणि काठीही शाबूत.

मग ती म्हणाली, "बरं. आणि ईसीजी चांगला आला, की सोडते तिला पाण्यात. चालेल ना?"

हा दोष असलेल्या चौघांतल्या एकाचा तरी ईसीजी चांगलाच येतो. जनुकाचं नाव कळल्याशिवाय कोणताही डॉक्टर पुढे शोधणार नाही.

"नाही चालणार," मी म्हणाले. सरांनी हात वर केला. मी खुर्ची भिंतीकडे वळवली. "कागद-पेन घ्या, ताई. अजून पक्की खात्री झालेली नाही, हे आधी लिहा. मग मी सांगते ते नाव, एकेक अक्षर."